सूपभर कोंडा

माझ्या भावाला लहानपणापासून एकच व्यसन. दारू नाही, पत्ते नाहीत. लोकांनी "किस्ना होता म्हणून झालं" असं म्हणावं, एवढंच. कुणाला सिलिंडर हवा, किस्ना. कुणाची म्हातारी म्हापशाच्या डॉक्टरकडे न्यायची, किस्ना. टेम्पो त्याचा, डिझेल त्याचं आणि वर चहाही त्याच्याच घरचा. आमची आई म्हणायची, "ह्येका कोणी बरो म्हटल्यान की हो आपली चामडी काढून देतलो." आई वेळेवर गेली. तिला पुढचं बघावं लागलं नाही.

मी पद्मावती. पेडण्यातल्या चोपड्याची लेक, डिचोलीत कारापूरला दिलेली. माझा नवरा नारायण खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे माहेरी माझ्या फेऱ्या जरा जास्तच, आणि माहेरात माझं तोंडही जरा जास्तच चालायचं. किस्ना, म्हणजे कृष्णनाथ, माझ्याहून धाकटा. त्याची बायको जानकी गरीब स्वभावाची. एकदा दिवस राहून पोर पोटातच गेलेलं, आणि त्या वर्षी तिला परत दिवस गेलेले. घरात सगळे दबक्या आवाजात खूश होते.

त्याच वर्षी आमच्या गावची भाग्यलक्ष्मी टीव्हीवर पोचली. लहान मुलांच्या गाण्याची स्पर्धा होती. ही गोकुळकाकांची नात. गोकुळकाका म्हणजे गोकुळदास, गावच्या राखणदाराकडे, वेशीवरच्या देवाकडे, गावातर्फे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. आवाज असा की नदीपलीकडे ऐकू जावा. भागीला पहिलं भजन त्यांनीच मांडीवर बसवून शिकवलं होतं. ती टीव्हीवर दिसली की अख्खं गाव त्यांच्या ओसरीवर, आणि तिला मतं पाठवून पाठवून गावातल्या सगळ्या मोबाइलांतले पैसे संपलेले. भागी काही जिंकली नाही. पण शेवटच्या फेरीपर्यंत गेली, आणि आमच्यासाठी तेच जिंकणं होतं.

स्पर्धा संपल्यावर त्यातल्या मुलांचा मोठा कार्यक्रम म्हापशाबाहेरच्या एका मैदानावर ठरला. भिंतीभिंतीवर पोस्टर लागली. त्यात कोपऱ्यात का होईना, भागीचा चेहरा होता. तिच्या आईवडिलांना दोन पास मिळाले. गोकुळकाकांसाठी तिसरा मागता आला असता, पण म्हातारा म्हणाला, "माझ्या नातीचा गाणा मी फुकट आयकाचंय नाय. तिकीट काढून आयकान."

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे खिडकीवर जाऊन तिकीट घेत नाहीत. देवळाच्या उत्सवाला नाटक असलं की कमिटीचा माणूस घरी येतो, ओसरीवर बसतो, चहा पितो, कोणाची गाय व्याली ते विचारतो आणि उठता उठता तिकिटं फाडून देतो. ती उलटूनपालटून बघणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. तिकीट बघायचं नसतं, माणूस बघायचा असतो. तेव्हा चोपड्याचे लोक तिकिटं घरी येण्याची वाट बघत बसले, आणि तिकडे म्हापशाला खिडकीवर 'हाउसफुल'ची पाटी लागली.

गाव हळहळलं. आणि गाव हळहळलं की आमचा किस्ना उठायचाच.

म्हापशाच्या बाजारात तो टेम्पोने मासळी घेऊन जायचा. तिथे सदाशिव नावाचा एक जण मोबाइलचं रिचार्ज आणि सीडी विकायचा. बोलायला गोड, खिशाला दोन पेनं. तो म्हणाला, आयोजकांचा वेगळा कोटा असतो, तो माझ्याकडे आहे, थोडे जास्त पडतील. किस्नाने जवळ होतं नव्हतं ते घालून गावापुरती तिकिटं आणली. जाड गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, वर भागीसकट सगळ्या मुलांचे फोटो. त्यावर स्वतःचा नफा म्हणून त्याने एक पैसा लावला नाही, हे मी कुणापुढेही सांगेन.

तरी ओसरीवर कुजबुज झालीच. जे तिकीट खिडकीवर नाही ते ह्याच्याकडे कसं? गोकुळकाकांनी सरळ विचारलं.

"किस्ना, ही तिकिटां खंयच्यान हाडलंस?"

"म्हापशाच्या सदाशिवाकडसून, काका. तेच्याकडे कोटो असता."

"सदाशिव आमका म्हायत नाय. तू म्हायत असस. राखणदाराकडे सांग, म्हणजे झाला."

राखणदारापुढे गावात सगळ्याचा निकाल लागायचा. हरवलेली गाय, सरकवलेली बांधाची दगडं, सुनेच्या कानातलं गेलेलं सोनं. तिकिटांसाठी मात्र पहिल्यांदाच. लोक थोडे थट्टेतच जमले. वेशीवर जांभळीखाली तो दगड, त्यापुढे दिवा, नारळ, विडीचा कट्टा. गोकुळकाकांनी टोपी नीट केली आणि आवाज लावला.

"बा म्हाराजा! आज तुझी लेकरां हयसर जमली असत. किस्नान हाडलेली तिकिटां खरी असत, असा तो तुझ्या म्होऱ्यार सांगता. तां खरा असात तर तेका येस दी. खोटा असात तर तूच बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

तिथेच संपायला हवं होतं. पण किस्नाला सगळ्यांच्या नजरा स्वतःवर दिसल्या की त्याला राहवत नाही. तो पुढे झाला, दगडावर हात ठेवला आणि म्हणाला, "खोटी निघाली तर माझ्या येणाऱ्या पोराक तू घेवन जा."

त्यावर कुणाचं "व्हय म्हाराजा" अर्धवट निघालं, कुणाचं घशातच राहिलं. बायकांत मागे उभ्या असलेल्या जानकीचा हात पोटावर गेला. मी पुढे जाऊन त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जिभेला काही हाड?"

तो हसला. "तिकिटां खरीच असत गो बाय. मगे भियाचा कित्याक?"

त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं खरं होतं. तो खोटं बोलत नव्हता. राखणदाराला माणसाचं मन कळत असेल, छापखाना थोडाच कळतो? पण हे त्या दिवशी ना मला सुचलं, ना आणखी कुणाला. पोटच्या पोराची शपथ घेतली म्हटल्यावर कुजबुज थांबली, आणि दुपारपर्यंत एक तिकीट उरलं नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी अर्धं गाव टेम्पोतून आणि एका मिनीबसमधून निघालं. मी आणि नारायणही होतो. बायकांनी अबोलीचे वळेसर माळलेले. गोकुळकाकांनी पांढरं धोतर, काळा कोट आणि नवी काळी टोपी घातली होती. तिकीट त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं, आणि वाटेत ते आहे ना म्हणून खिसा चाचपत होते. जानकीला आम्ही घरी ठेवलं होतं.

गेटवर बाहेरून आणलेली पोरं पहाऱ्याला होती. त्यांच्या हातात निळ्या उजेडाची बारकी बॅटरी. खऱ्या तिकिटावर त्या उजेडात एक शिक्का चमकायचा. आमच्या पुढच्या माणसाच्या तिकिटावर चमकला. किस्नाच्या तिकिटावर नाही. त्या पोराने दुसरं तिकीट मागितलं, तिसरं मागितलं. मग त्याने दोरी ओढून आम्हा सगळ्यांना बाजूला काढलं आणि शिट्टी वाजवून दुसऱ्या पोरांना बोलावलं. रांगेतले बाकीचे लोक आमच्याकडे वाकून बघत आत जात होते.

"पूरा गाँव डुप्लिकेट लेके आया है," तो दुसऱ्याला म्हणाला.

गोकुळकाका पुढे झाले. त्यांना हिंदी कुठलं यायला? "मेरी नात गाती है अंदर," ते म्हणाले.

"आज सबकी नात गाती है, बाबा," असं म्हणत त्या पोराने त्यांच्या हातातलं तिकीट घेतलं, फाडलं आणि त्यांना खांद्याला धरून मागे लोटलं. टोपी पडली. ती उचलायला ते वाकले, तोवर गर्दीतल्या कुणाचा तरी बूट तिच्यावर पडून गेला होता. एक पोलीस आला आणि म्हणाला, खोटी तिकिटं बाळगणं गुन्हा आहे, गपचूप घरी जा, नाहीतर सगळ्यांना चौकीवर नेईन. गोकुळकाका आयुष्यात कधी चौकीची पायरी चढले नव्हते. भागीच्या बापाला आम्ही फोनवर फोन लावले. आतल्या गोंगाटात त्याला एकही ऐकू गेला नाही.

गाडी पार्किंगमधून निघायला वाट नव्हती. आम्ही भिंतीला लागून बाहेर उभे राहिलो. आतून नुसता ढोलाचा दणका येत होता. मध्येच एखाद्या मुलीचा आवाज वर यायचा आणि टाळ्यांखाली दबून जायचा.

"हीच काय रे ती?" गोकुळकाका विचारायचे. कुणालाही सांगता येत नव्हतं. एकदा आत फारच टाळ्या पडल्या, थांबेचनात. आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या कसल्या, ते दुसऱ्या दिवशी कळलं. भागीने गाणं सुरू करायच्या आधी माइकवर सांगितलं होतं, माझे आजोबा समोर बसलेत, त्यांनी मला गाणं दिलं, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा. अख्ख्या मैदानाने वाजवल्या.

सकाळी किस्ना म्हापशाला गेला. सदाशिवाच्या दुकानाला कुलूप. गाळा भाड्याचा होता, मालकालाही तो हवा होता. किस्ना पोलिसांत गेला, तर तिथे त्यालाच विचारलं, गावात तिकिटं कोणी विकली? तूच ना? बाकीच्यांना घेऊन ये, सह्या लागतील. गावातला एकही माणूस गेला नाही. पुढे ऐकलं की सदाशिव घाटावर कुठेतरी असलीच तिकिटं विकतो. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. देव कुठे बघतो ते देवालाच ठाऊक.

मग किस्नाने टेम्पो विकला आणि पैसे परत करायला घरोघर गेला. मी त्याच्या बरोबर होते. प्रत्येक घरात आम्हाला बसवलं, चहा दिला. पैसे कुणी घेतले नाहीत. शेजारच्या पार्वतीने तर पुढे केलेली नोट त्याच्या हातात परत दाबली.

"तुझे पैशे घेतले तर राखणदाराक काय सांगतलंव? हो वेव्हार आता तुझो नी आमचो रवलो नाय, किस्ना."

ते रागावले असते, शिव्या घातल्या असत्या, पैसे मोजून घेतले असते, तर मी त्यांच्या पाया पडले असते. पण ते मऊ बोलत होते. आणि निघताना प्रत्येक घरातली बाई एकच विचारायची, "जानकी बरी असा मां?"

ह्यातून सुटायची एकच वाट होती. ज्याने गाऱ्हाणं घातलं त्यानेच ते परत फिरवायचं. सगळ्यांनी जमायचं, गोकुळकाकांनी म्हणायचं, बा म्हाराजा, पोर चुकलं, आम्ही त्याला सोडलं, तूही सोड. किस्ना त्यांच्या दारात रोज जाऊन बसायला लागला. म्हातारा त्याला बस म्हणायचा आणि आपल्या कामाला लागायचा. शेवटी मी गेले. भांडायच्याच तयारीने गेले.

"काका, तुमचं तिकीट गेलं, त्याचं पोर जायला हवं का?"

त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाले, "पद्मा, थंयसर माका चोर म्हटल्यानी. तां मी गिळलंय. पण माझ्या नातीन हजारो मानसांक सांगल्यान, आजो समोर बसलेत म्हणान. ती माझ्यामुळे खोटी पडली. तां मगे गिळाक येणा नाय."

"मग राग धरून बसा. पण गाऱ्हाणं तेवढं फिरवा."

"राग असताना? तोंडान म्हणान सोडलंय नी मनान सोडूचंय नाय, तर तां गाऱ्हाणाय खोटाच ना? तेची तिकिटां खोटी, तेचेर माझा गाऱ्हाणा खोटा. तां राखणदाराक चलात? माझा मन निवळांदी. निवळला की तुमी बोलवची गरज नाय."

मी म्हटलं, "तुमचं मन निवळेपर्यंत तिची वेळ भरेल." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. वाईट माणूस असता तर मला त्याचा द्वेष करता आला असता. मी घरी येऊन भांडी आपटली.

जानकी बाळंत झाली. मुलगा. गोरा, वजनदार, रडायला खणखणीत. डॉक्टर म्हणाले सगळं उत्तम आहे. मी पेढे घेऊन गावात शिरले, तर लोकांनी पेढा हातात घेतला आणि तोंडात घातला नाही. सटीच्या, म्हणजे सहाव्या, दिवशी बायका अंगणापर्यंत आल्या. दारातून पोराकडे बघितलं, तोंडाने "बरो असा गो" म्हणाल्या आणि गेल्या. जिवंत पोराकडे असं बघताना मी माणसांना पहिल्यांदाच बघितलं. ते बाळाला बघत नव्हते, बाळ कधी जातंय ते बघत होते. त्यांना ते जायला हवं होतं असंही नाही. पण ते जाणार ह्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

आणि किस्नाच्या तर नव्हतीच. त्याने पोराला एकदाही उचललं नाही. पोर शिंकलं की हा ओसरीवर उठून उभा राहायचा. अन्न जाईना, दाढी वाढली. एकदा जानकीने पोर त्याच्या मांडीवर ठेवायला आणलं, तर तो भिंतीला चिकटला. "लळो लावू नको," म्हणाला. बापाने म्हणायची गोष्ट आहे ही?

पोराला खोकला झाला. साधा खोकला, कुठल्याही पोराला होतो तसा. पण घरावर प्रेतकळा आली. तेव्हा गंगा सुईण, म्हातारी, जिच्या हातून आमच्या पिढीतली अर्धी मंडळी जन्मली, ती म्हणाली, "अगो, कोंड्याक विका तेका. आमच्यात करतत तसा."

हे आमच्याकडे जुनं. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे बाळाला सुपात घालून दारात ठेवतात. दुसरी बाई येते, सूपभर कोंडा देऊन ते विकत घेते. पोर आता त्या घरचं राहिलं नाही, तेव्हा जो कोणी न्यायला येईल तो रिकाम्या हाताने परत जातो. पोराचं नाव कोंडू ठेवतात. आणि दिवेलागणीला ती बाई पोराला आणून देते, आई कोंडा कोंबड्यांना घालते, सगळे हसतात. पेडण्यात असे चिक्कार कोंडू झालेत, चांगले म्हातारे होऊन मेलेले.

मला बरं वाटलं. निदान काहीतरी करायला मिळालं. जानकीने पोराला न्हाऊमाखू घातलं, काजळ लावलं, सुपात निजवलं. मी गिरणीतून कोंडा आणला, उंबऱ्यावर ओतला आणि पोर उचललं. किस्ना खांबाला धरून बघत होता. मी पोराला घेऊन पार्वतीच्या ओसरीवर बसले, बाटलीने दूध पाजलं. माझ्या हातात ते निजलं. एवढा वेळ एवढं लहान पोर माझ्या हातात कधी राहिलं नव्हतं, आणि ते दिवेलागणीला परत द्यायचंय हे मी स्वतःला बजावत होते.

दिवेलागणीला मी उंबऱ्याशी आले, तर किस्ना दारात आडवा उभा.

"खंय हाडलंस तेका?"

"कुठे म्हणजे? घरी. सर बाजूला, भूक लागलीय त्याला."

"इकलां म्हणजे इकलां, बाय. तू घेवन जा कारापुराक."

मला वाटलं भ्रमला. मी ओरडले, मला न्यायला आलेल्या नारायणाने त्याला धरून हलवलं. तो ढळला नाही. एरवी मोठ्याने न बोलणारा माझा भाऊ ताठ उभा राहून बोलत होता.

"सगळे असाच करतत, म्हायत असा माका. इकल्यासारखा करूचा नी सांजवेळा परत हाडूचा. मी तां करूचंय नाय. एकदा राखणदारासमोर खोटी वस्त खरी म्हणान ठेवलंय, तेची भरपाय चल्ली असा. आता परत खोटो इक्रो करू? तो काय आंधळो असा?"

आतून जानकी धावत आली. पोलक्यावर दुधाचे ओले डाग. ती पोराकडे झेपावली, आणि किस्ना तिला म्हणाला, तेही अगदी हळू, "हयसर रवलो तर मरतलो. बायकडे जगतलो. तूच ठरय."

ती थांबली. तिने एक गेलेलं बघितलं होतं. तिने हात मागे घेतले, आत गेली, पोराची दुपटी आणि टोपडी घेऊन आली आणि माझ्या खांद्यावर ठेवली. नारायणाने मला धरून नेलं. पूल ओलांडेपर्यंत मी भावाला शिव्या घालत होते आणि पोराला छातीशी आवळत होते, दोन्ही एकदमच.

कोंडू कारापूरला वाढला. खोकला दोन दिवसांत गेला. रांगला, चालला, नारायणाच्या ट्रकचा हॉर्न ओळखायला लागला. मला आई म्हणाला. जानकी बसने यायची, कधी मासळी घेऊन, कधी नुसतीच. सुरुवातीला ती त्याला घेऊन मागच्या पडवीत बसायची आणि मी तिकडे जायचे नाही. मग विकलेलं पोर मांडीवर घेतेस का, असं किस्नाने विचारलं असावं, कारण पुढे ती त्याला मांडीवर घेईनाशी झाली. समोर बसून बघायची. "मामी म्हण," असं त्याला तिनेच शिकवलं. त्यांना दुसरं मूल झालं नाही. किस्ना एकदाही आला नाही. परक्याच्या टेम्पोवर तो मजुरीने जायचा आणि गावात त्याला कुणी काम सांगत नव्हतं.

पोर पाचव्या वर्षात असताना निरोप आला. गोकुळकाका गाऱ्हाणं घालणार. भागी सुट्टीवर घरी आली होती. गाणं तिने केव्हाच सोडलेलं, नर्सिंगला गेलेली. जानकीचं पोर कारापूरला का, हे तिला कुणीतरी सांगितलं, आणि त्या पोरीने आजोबांशी बोलणंच बंद केलं. म्हातारा तसाही थकला होता. नातीच्या अबोल्यापुढे त्याचा राग टिकला नाही.

सगळे जमले. जांभळीखाली, तोच दगड. गोकुळकाकांचा आवाज आता चिरका झालेला, पण त्यांनी एकेक शब्द नीट म्हटला. पोर चुकला, अजाणपणी चुकला, आमी तेका मनापासून सोडलां, तूय सोड, म्हाराजा. "व्हय म्हाराजा" सगळे म्हणाले, पार्वती तर रडतच म्हणाली. किस्ना दगडापुढे आडवा पडला. उठला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखीचा दिसला, लहानपणचा.

दुसऱ्या दिवशी मी कोंडूचे कपडे भरले. मला ते करावंसं वाटत नव्हतं, पण जानकीचं पोर जानकीचं. नारायण अंगणात ट्रक धूत राहिला. मी पोराला घेऊन चोपड्याला गेले. किस्ना ओसरीवर होता, जानकी दारात.

"घे तुझं पोर," मी म्हटलं.

"माझा खंयचा?" तो म्हणाला. "तां तुझा, बाय."

"सुटलास ना काल? सगळ्यांनी सोडलं ना तुला?"

"सुटलंय. तेच तर. पोरगो परत घेतलंय तर तो इक्रो खोटोच होतो, असा होता. म्हणजे इतकी वर्सां मी राखणदाराक फसयत रवलंय. काल तेणा माका सोडल्यान, नी आज परत फसवू तेका?"

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गोकुळकाकांना बोलावलं. काठी टेकत आले, म्हणाले, "किस्ना, पोर घे, मी सांगतंय." किस्नाने त्यांचे पाय धरले आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही. जानकी चौकटीला धरून उभी होती. तिला नवऱ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि तरी आत कुठेतरी तिलाही भीती होती. ते पोर ह्या उंबऱ्याच्या आत आलं आणि उद्या शिंकलं तर?

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? राग, लाज आणि त्यांच्या खाली तो आनंद. त्या आनंदाबद्दल मला माझीच किळस आली.

आमचं हे चाललं असताना कोंडू अंगणात कोंबडीमागे धावत होता. तुळशीच्या कठड्याला अडखळून पडला आणि मोठ्याने रडायला लागला. जानकी जवळ होती. तिने धावत जाऊन त्याला उचललं, छातीशी घेतलं, पदराने गुडघ्याचं रक्त पुसलं. पोर तिच्या हातातून माझ्याकडे झेपावत होतं, दोन्ही हात पुढे करून, "आई, आई" ओरडत.

जानकीने त्याला खाली ठेवलं. "रडा नको रे बाबू," ती म्हणाली. "जा, तुझ्या आवशीकडे जा."